नोएलचा गठ्ठा

निवेदिताला जेवायला बोलावलं की एक गोष्ट पक्की. तिने करून आणलेल्या पदार्थात काय बिघडलंय ते ती स्वतःच जाहीर करणार. आमच्या इथल्या, आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या संक्रांतीला हॉलभर माणसं ताटं घेऊन रांगेत उभी, आणि ही शिऱ्याच्या पातेल्यामागे उभी राहून एकेकाला बजावतेय, "खालचा थर घेऊ नका हं, लागलाय." मी तिला कोपराने ढोसलं. म्हटलं, गप की गं, कोणाला कळणार आहे? तर म्हणे, "ज्याच्या ताटात जाईल त्याला कळेल ना!"

तर ही अशी. मूळची नागपूरची, इथे एका औषधांच्या कंपनीत क्वालिटीत आहे. तयार झालेला माल बाहेर पाठवायचा की नाही ते ती ठरवते, आणि बऱ्याचदा नाही म्हणते, त्यामुळे तिथे फारशी लाडकी नाही. बोलणं एरवी अगदी छापील, पण घाबरली की आतलं नागपूर बाहेर येतं. नवरा इंद्रनील सॉफ्टवेअरमधला, शांत माणूस. मुलीशी हे दोघं मराठीत बोलतात आणि ती आयरिश इंग्रजीत उत्तरं देते, जसं इथे घरोघरी चालतं.

मी यामिनी. माझ्याबद्दल एवढंच सांगते की माझं डोकं पटकन तापतं आणि तोंड त्याच्याही आधी सुटतं. तशीच तिरीमिरीत मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभी राहिले. अपक्ष! विक्रांत, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "तुला सोसायटीच्या मीटिंगमध्ये तरी शांत बसता येतं का?" पण कारणच तसं घडलं होतं. फेब्रुवारीत इंद्रनीलला स्टेशनबाहेर काही टोळभैरवांनी ढकलून पाडलं. चष्मा फुटला, मनगट मोडलं. आणि नोएल नावाचा आमच्या भागातला एक गृहस्थ, जो "घर भरलं, आता दार लावा" असं आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांविरुद्ध पत्रकावर छापून निवडणूक लढवत होता, तो म्हणाला, मारहाण वाईटच, पण लोकांचा राग समजून घ्यायला हवा. समजून घ्यायला हवा! दुसऱ्या आठवड्यात मी अर्ज भरला. याला काही झालं तरी ती खुर्ची मिळू द्यायची नाही, एवढा एकच माझा जाहीरनामा होता. बस थांब्याचं छप्पर वगैरे मागून सुचलं.

इथे नागरिक नसलात तरी स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. मी दारोदार तेच सांगत हिंडले. निवेदिताने मात्र वेगळंच काम अंगावर घेतलं. म्हणाली, "मतं तू आण. मोजताना मी बघते."

इथली मोजणी बघण्यासारखी असते. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, पसंतीचे आकडे लिहायचे. एक, दोन, तीन. मोजणीच्या हॉलमध्ये टेबलांभोवती कठडा असतो. आत कर्मचारी पेट्या रिकाम्या करून एकेक पत्रिका उलगडतात आणि बाहेर कठड्याला टेकून उमेदवारांची माणसं प्रत्येक पत्रिकेवरची पहिली पसंती टिपून घेतात. याला टॅली म्हणतात. हे सगळे तुमच्याआमच्यासारखे, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, फुकट उभे राहिलेले. कोणी कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकू नये म्हणून एवढे डोळे तिथे हजर ठेवायचे, अशी पद्धत.

निवेदिताने त्यासाठी स्वतःच्या स्वयंपाकघरात आमची शिकवणी घेतली. खोट्या मतपत्रिका छापल्या, उमेदवार म्हणून भाज्या उभ्या केल्या. वांगं, भेंडी, दोडका, दुधी. ती भराभर कागद उलगडायची आणि आम्ही टिपायचं. आमच्यातल्याच योगिनीने दोनदा भेंडीची मतं दोडक्याला दिली तर तिला परत बसवलं. मी म्हटलं, "अगं, एवढं काय? आपली मतं कोणी चोरत नाहीये ना, बास." ती म्हणाली, "आपलीच नाही, सगळीच बघायची. नाहीतर बघून उपयोग काय?" मला तेव्हा ते अगदी शाळेतल्या बाईंसारखं वाटलं आणि मी चहा टाकायला उठले.

मोजणीच्या दिवशी सकाळपासूनच वातावरण तंग होतं. नोएलची बहीण बर्नी त्याच्या बाजूची प्रमुख. जाडजूड, लाल चेहऱ्याची, आवाज हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. आम्ही कठड्याला टेकलो तशी ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "या परदेशी लोकांना आमच्या मतांपासून लांब ठेवा." मी उसळलेच. निवेदिताने माझ्या कुर्त्याची बाही धरून मला मागे ओढलं आणि स्वतः टिपत राहिली. बर्नीच्या माणसांपैकी एक जण फोनवर आमचं शूटिंग करत फिरत होता. मोजणीत घोळ आहे, बघा कोण कोण उभं आहे, असं काहीबाही बडबडत होता.  निवेदिताने मात्र टिपताना मान वर केली नाही.

एकेका भागातून इथे बरेच जण निवडून जातात; दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडच्या बाकीच्या जागा भरल्या. ज्याला सर्वांत कमी मतं तो बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. असे एकेक बाद होत शेवटची एक जागा उरली आणि रिंगणात दोघं राहिलो. मी आणि नोएल. नुकत्याच बाद झालेल्या एका निवृत्त मास्तरांच्या मतांची वाटणी तेवढी बाकी होती.  सँडविच हातात धरून मी किती वेळ उभी होते देव जाणे.

कर्मचारी पत्रिका पन्नासपन्नासच्या गठ्ठ्यांत रबरबँड लावून रचत होते. माझी रास डावीकडे, नोएलची उजवीकडे. बर्नी तेव्हा हॉलच्या पलीकडच्या टोकाला अधिकाऱ्यांशी भांडत होती, आम्हाला कठड्यापासून हटवा म्हणून. तिची सगळी फौज तमाशा बघायला तिच्यामागे गेलेली. आमच्या टेबलापाशी नोएलचं चिटपाखरूही नव्हतं.

आणि निवेदिताने माझं मनगट घट्ट पकडलं.

"यामिनी, तो गठ्ठा त्याचा आहे व."

"कुठला?"

"आत्ता ठेवला तो. त्या मोजणाऱ्या बाईला मागून कोणीतरी हाक मारली, ती वळली अन् तुझ्या राशीत ठेवून राह्यली. मी बघितलं. सगळी त्याची मतं आहेत."

पन्नास मतं. माझी पन्नास कमी होणार आणि त्याची पन्नास वाढणार. हे गणित डोक्यात पुरतं व्हायच्या आत निवेदिताचा हात वर गेला होता. मी काय म्हणाले असते? मला नाही माहीत. तिने विचारलंच नाही! एका शब्दानेही नाही! जिच्या नवऱ्याचं मनगट अजून नीट वळत नाही ती बाई त्या माणसासाठी हात वर करून उभी होती, आणि मला त्या क्षणी तिचा असा राग आला, असा राग आला, की मी हातातलं सँडविच चिरडून टाकलं.

पर्यवेक्षक आले. गठ्ठा सोडला, पत्रिका एकेक उलटून पाहिल्या. सगळ्या नोएलच्या. तेवढ्यात गडबड ऐकून बर्नी धावत आली. "बघा! म्हटलं नव्हतं मी? चोर!" ती थेट निवेदिताच्या अंगावरच आली. पर्यवेक्षक शांतपणे म्हणाले, "तुमचा गठ्ठा चुकीच्या राशीत गेला होता. या बाईंनी दाखवून दिला."

बर्नीने वाकून त्या पत्रिका स्वतः पाहिल्या.  निवेदिता तिच्याकडे बघतही नव्हती. ती पुन्हा टेबलाकडे बघायला लागली होती.

बेरीज झाली. नोएल सतरा मतांनी पुढे.

मला फेरमोजणी मागता येत होती. खरं सांगू, मला नुसती फेरमोजणी नको होती. मला ओरडायचं होतं. एक गठ्ठा चुकला म्हणजे आणखी किती चुकले असतील? कोणी मुद्दाम केलं असेल का? दोन दिवस नोएलची माणसं जे बरळत होती तेच माझ्या जिभेवर आलं होतं आणि समोर स्थानिक पेपरचा बातमीदार पेन उघडून उभा होता.

निवेदिता मध्ये आली. "फेरमोजणी माग. तुझा हक्क आहे. पण घोळ आहे म्हणू नकोस. चूक झाली होती, ती सुधारली."

"तू कोणाच्या बाजूने आहेस गं?" मी किंचाळले. सगळा हॉल वळून बघायला लागला.

तिचे डोळे भरले. पण ती बाजूला झाली नाही. मी फेरमोजणी मागितली आणि बाकीचं गिळलं.

नोएल चिडला. हे आता जागा लाटायला बघतायत, म्हणाला. प्रत्येक टेबलापाशी दोन्ही बाजूंचं एकेक माणूस उभं राहील, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यावर बर्नी जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही.

"मधल्या टेबलाला माझ्या बाजूने मला ती हवी. चष्म्यावाली." तिने निवेदिताकडे बोट केलं.

"वेड लागलंय का तुला?" नोएल म्हणाला. "ती त्यांची आहे!"

"गठ्ठा चुकला तेव्हा माझी माणसं कुठे होती? माझ्यामागे तमाशा बघत होती. मीसुद्धा. तिने बघितलं." मग आमच्याकडे वळून, अजूनही घुश्शातच, "तुमची हरकत आहे का?"

माझी हरकत! मला हसावं की रडावं कळेना. हरकत नाही म्हटलं.

मग सुरू झालं. एकेक गठ्ठा सुटत होता, एकेक कागद उलटत होता.  निवेदिताने पहिल्यांदा थांबवलं तेव्हा बर्नी आणि मी दोघी एकदमच पुढे झुकलो. दोन कागद चिकटलेले होते. खालचं मत माझं. मी श्वास सोडला. थोड्या वेळाने तिने पुन्हा बोट वर केलं. माझ्यात धरलेल्या एका पत्रिकेवरचा पुसट आकडा तिने दाखवला. ते मत नोएलचं निघालं. या वेळी बर्नीने श्वास सोडला. पुढे तर ती निवेदिताच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. निवेदिताने बोट वर केलं की आम्ही दोघीही मुकाट्याने त्या बोटाकडे बघायचो.

मोजणी संपली. नोएल नऊ मतांनी पुढे.

अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं, मान्य आहे? माझ्या मनात होतं, अजून एकदा मोजा, हवं तर उद्या मोजा. नऊ म्हणजे काय आहेत? एका घरातली माणसं!  बर्नी निवेदिताकडे बघत होती. मीही बघितलं.

निवेदिता रडत होती. चष्मा हातात, नाक लाल, लहान मुलासारखं उघडउघड रडणं.

"बरोबर आहे?" मी मराठीत विचारलं.

"बरोबर आहे." तिने बाहीने डोळे पुसले. "मला नव्हतं पाहिजे हे, यामिनी. माझ्या घरात इंद्रनील, त्याचं ते मनगट… मला नव्हतं पाहिजे. पण बरोबर आहे."

मी अधिकाऱ्यांकडे वळले आणि मान्य आहे म्हणून सांगितलं.