पट्टीवाल्या बाई आणि खायचा सोडा

पट्टीवाल्या बाई कुणाकडेही जेवायला गेल्या की चमचाभर कढी बाजूला काढून तिच्यात आंबटपणा दाखवणारी पीएचची कागदी पट्टी बुडवायच्या, रंग बघायच्या आणि मगच वाटी तोंडाला लावायच्या. एका व्याहीभोजनात त्यांनी हेच केलं, तेव्हा वरमाई जी रुसली ती रुसलीच. फार्मसी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्या नाचणगावात आमच्या बचत गटाला कोरफडीचं क्रीम शिकवायला आल्या.

क्रीम टिकावं म्हणून त्यात बेंझोइक आम्ल मोजून घालत आणि क्रीम मुद्दाम आंबटसर ठेवत. "केमिकल काऊन टाकता?" असं कुणी विचारलं की बाई भडकत. "पाणी आहे तिथं बुरशी येतेच. भ्याचं असन तर तिले भ्या, आम्लाले काऊन भेता?"

वर्ध्याच्या प्रदर्शनात आमचा पहिला स्टॉल लागणार होता. माल पसंत पडला तर एक व्यापारी वर्षभराची ऑर्डर देणार होता, आणि ती मिळाली नाही तर गट मोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्रीम गालाला जरा चुणचुणतं म्हणून गटातल्या शोभाकाकूंनी, आंबलेल्या पिठात टाकतो तसा, त्यात खायचा सोडा टाकला. प्रदर्शनाच्या तोंडावर बरण्या उघडल्या तर आत हिरवट बुरशी.

"लोणच्यावरची काढतो तशी वरवरची काढून टाकू," काकू म्हणाल्या.

बाईंनी पट्टी बुडवून रंग बघितला. "शोभाताई, क्रीम आंबट असलं तर हे आम्ल अख्खं राह्यते, बुरशीच्या आत शिरते अन् तिथं फुटून तिले मारते. सोड्यानं ते बाहेरच फुटलं. फुटलेलं आत शिरत नाई."

सगळा माल खड्ड्यात गेला. बाईंनी एक बरणी तेवढी ठेवून घेतली आणि प्रदर्शनात टेबलावर तीच मांडली. शेजारी पाटी: 'हे आम्ही विकत नाही. का, ते विचारा.'

आयोजक धावत आले. "मॅडम, हे झाका!"

"झाकून विकणारे लय आहेत. मी दाखवून राह्यली."

व्यापारी गालातल्या गालात हसला. आम्ल काढा, 'केमिकल फ्री' लिहा, ऑर्डर पक्की, म्हणाला.

"आपल्या सुनेच्या तोंडाले लावसान काय?" बाईंनी विचारलं.

ऑर्डर गेली. मला बाईंचा संताप आला होता आणि अभिमानही वाटत होता. कसाबसा, शेजारपाजारी विकत, आम्ही गट जगवला.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. पाठोपाठ तोच व्यापारी आमच्या शेडमध्ये आला. "आता तर मॅडमही नाहीत," तो खुर्ची ओढत म्हणाला.

क्रीम घोटणाऱ्या शोभाकाकू तशाच भरल्या हातांनी उठल्या.

"बाई नाईत म्हणून बुरशी यायची थांबली काय? निंगा तुमी."