कूलर बंद पडला आणि सोडियम चिकटलं

मित्रांनो, जळगावच्या सायबर कॅफेतून लिहितोय. एमएस्सीच्या आपल्या या ई-मेल गटावर तीन महिन्यांत कोणी एक ओळ टाकलेली नाही. तरी आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी सोडियमची बॅटरी आठवते ना? तिच्यात द्रवाऐवजी चिनी मातीसारखी पांढरी चकती असते. त्या चकतीवर सोडियम नीट धरतच नव्हतं. तासाभरात दोघांच्या सांध्यात विजेला अडथळा वाढायचा आणि प्रयोग बोंबलायचा.

आज कॉलेजच्या नळाला पाणी आलं नाही, म्हणून कूलर बंद. शर्ट घामाने अंगाला चिकटला, पण अडथळा मोजणाऱ्या मीटरचा काटा चार तास जागचा हलला नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. दोन उन्हाळे मी त्या चकत्या कूलरसमोर बसून घासत होतो! मला गार वाटावं म्हणून त्यांना ओलावा पाजत होतो, आणि ओलाव्याचा थर चढला की त्यांच्यावर सोडियम धरत नाही.

मी एकटाच हसत बसलो होतो, तेवढ्यात लॅबचे शिपाई नाना कुलूप लावायला आले. म्हणाले, "सर, एवढा उकाडामा एकलाच हासी राह्यनात?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. "मंग बरं शे ना," म्हणाले आणि खिडक्या लावू लागले.

आता उन्हाळाभर कूलर बंदच ठेवणार. आज त्याची घरघर नव्हती, तेव्हा कळलं की दिवसभर त्या खोलीत दुसरा आवाजच नसतो.

अभिनंदन नको, शंकाही नकोत. नुसतं "वाचलं" एवढं लिहाल का कोणी?