आत्याचे सहा पॉइंट

माझी आत्या डॉक्टर, आणि मी नववीत शाळा सोडलेली. एकाच रक्ताची दोन माणसं अशी कशी निघाली, हे बाबांना अजून उमगलेलं नाही. ते म्हणायचे, "तिच्या दवाखान्यात निदान झाडू तरी मार. अंगाला काही लागलं तर लागलं." म्हणून सोळाव्या वर्षी मी तिथं गेले. आता वीस पूर्ण झाली, तरी तिथंच आहे. म्हणजे होते.

लोक आत्याबद्दल काहीबाही बोलतात. म्हातारपणी कंटाळली, तडकाफडकी दुकान बंद केलं, पेशंटला वाऱ्यावर सोडलं. ऐकलं की माझं डोकं सणकतं. त्यांनी आधी हे वाचावं, मग तोंड उघडावं.

दवाखाना बेकरीच्या वरच्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि वजनकाटा, आतल्या खोलीत टेबल, पडदा आणि पडद्यामागं उंच पलंग. खालून भाजल्याचा वास यायचा, त्यामुळे उलट्या होणाऱ्यालाही भूक लागायची. आत्या चौतीस वर्षं तिथंच बसली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसाला पन्नास माणसं येतात. एकावन्नावा कुठं बसवू?"

तोंडाची फटकळ. आमचा एक शिंपी आहे, त्याला बीपी आणि वर सिगारेट. त्याला म्हणायची, "मशीनला तेल घालतोस तसा छातीत धूर घालतोस होय रे?" तो म्हणायचा, "बाई, सोडली." ती म्हणायची, "कधी? जिना चढताना?" बाहेरची बाकं खदखदा हसायची. पण हात असा की पोट दाबताना गप्पा चालू, आणि तपासणी कधी संपली ते माणसाला कळायचंसुद्धा नाही. मान जराशी तिरकी करून ऐकायची. लोक म्हणायचे, बाई किती मन लावून ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी तिनं मला आत बोलवायला सुरुवात केली. "इकडे ये गं. बॅटरी धर. घसा कसा दिसतोय ते सांग." मी म्हणायचे, लाल आहे. "लाल म्हणजे? टोमॅटोसारखा की विटेसारखा? पांढरे ठिपके आहेत? एका बाजूला की दोन्ही?" चुकलं की डोक्यात टपली. हळूहळू जीभ, नखं, पायाची सूज, अंगावरचे चट्टे, डोळ्यांतला पिवळेपणा, सगळंच मी सांगायला लागले. घरी जेवताना बाबांना मी ऐटीत सांगितलं, "आत्या मला शिकवतेय." बाबांचा घास हातातच राहिला. शाळेत कुणी मला एवढं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी पळालेच असते, ती गोष्ट वेगळी.

आता पॉइंटचं सांगते. डॉक्टर एकदा झालं की जन्मभर झालं, असं नसतं. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि त्यासाठी तीस पॉइंट लागतात. मधल्या काळात तुम्ही काही नवं शिकलात, याचा तो पुरावा. पूर्वी आत्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी कुठल्याशा हॉलमध्ये जायची, दिवसभर भाषणं ऐकायची, सही करायची आणि येताना एक पिशवी नि पेन घेऊन यायची. या खेपेला ती कुठंच गेली नाही. मी आठवण केली की म्हणायची, "जिने फार आहेत तिथं." जिने चढायला ती माझ्यापेक्षा चपळ होती, पण माझं डोकं काही चाललं नाही. तीन महिने उरले तेव्हा मीच म्हटलं, "ऑनलाइन कर ना. घरबसल्या होतं." बाबांचा जुना लॅपटॉप आणला आणि दुपारी एक ते चार, दवाखाना बंद असतो त्या वेळात आम्ही बसायला लागलो.

एक तास लेक्चर, मग वीस प्रश्न. मध्येच पडद्यावर चौकोन यायचा: तुम्ही आहात का? आत्या म्हणायची, "सांग त्याला, आहे अजून." मी दाबायचे. प्रश्नही मीच वाचायचे. तिला चष्म्याचा कंटाळा आलाय, असं ती म्हणायची. माझं इंग्रजी म्हणजे खडबडीत रस्त्यावरची सायकल. औषधाचं लांबलचक नाव आलं की मी एकेक अक्षर सांगायचे.

"पुरे, पुरे, कळलं. पुढं?"

"माणूस पंचावन्न वर्षांचा, छातीत दुखतंय, आणि..."

"किती दिवस? रात्री उठून बसावं लागतं का?"

"आत्या, तो इथं आलेला नाही. चार उत्तरं आहेत, त्यातलं सांग."

"न विचारता कसं सांगू? बरं, तिसरं घे." तिसरं बरोबर निघायचं. कधीकधी तर मी पर्याय वाचायच्या आत ती उत्तर देऊन डोळे मिटून बसायची. विसातले अठरा, एकोणीस. सव्वा महिन्यात चोवीस पॉइंट झाले. मला वाटलं, आपण जिंकलो.

उरलेले सहा पॉइंट चित्रांच्या कोर्सचे होते, आणि त्यातले काही घेतल्याशिवाय चालत नाही असा नियम. कातडीचे रोग, घसा, डोळे, असे तीन. फोटो बघायचा आणि रोग ओळखायचा. पहिल्या दिवशी मी चट्ट्याचं वर्णन केलं, तिनं नाव सांगितलं. दुसरा फोटो, तिसरा, तसंच. चौथ्याला मी वैतागले. उकाडा होता आणि मला खाली जाऊन पाय मोकळे करायचे होते. म्हटलं, "मी कशाला सांगत बसू? समोर तर आहे. तूच बघ."

लॅपटॉप मी तिच्याकडे वळवला. ती पुढं झुकली, मान तिरकी केली.

"हं," म्हणाली. "दिसलं. नागीण असणार. दुसरं घे."

मी पडद्याकडे पाहिलं. नेट गेलं होतं. फोटो आलाच नव्हता. पांढरा रिकामा चौकोन, त्यात एक गोल नुसता गरगरत होता.

मी काही बोलले नाही. मी, जिला गप्प बसता येत नाही म्हणून वर्गाबाहेर काढायचे. पण गप्प बसले तरी आत्याला ऐकू येतं. तिनं विचारलं, "काय झालं?"

"फोटो आलेला नाही आत्या."

ती मागं टेकून बसली. पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मग तिनं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मरतोय, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, मधलं नाही. दार दिसतं, खुर्ची दिसते, पण माणसाचा चेहरा बघायला जावं तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग. थोडं बाजूला बघितलं तर जरासं हाती लागतं, म्हणून मान तिरकी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकलेत. अडीच वर्षं झाली.

मला सगळं एका दमात कळलं. बॅटरी धर. टोमॅटो की वीट. ठिपके एका बाजूला की दोन्ही. आणि त्याच दमात हेही आठवलं की एकदा एका लहान पोरीचा घसा बघताना मी दुसऱ्या हातानं मोबाइल बघत होते आणि न बघताच म्हटलं होतं, "लाल आहे, ठिपके नाहीत." आत्यानं त्यावरून औषध दिलं होतं. पोरगी बरी झाली. झाली म्हणून.

"म्हणजे तू मला शिकवत नव्हतीस," मी म्हटलं.

"सुरुवातीला नाही," ती म्हणाली. "सुरुवातीला तुझे डोळे उसने घेतले. चार महिने फार तर, मग बंद करायचं असं ठरवलं होतं. मग तू चांगलं बघायला लागलीस. आणि मला बंद करवेना. चूक केली मी. मोठी चूक."

"चूक कसली? कुणाला काही झालंय का?"

"झालं नाही, हे नशीब. नशिबावर दवाखाना चालवायचा नसतो."

ती घरी गेली. त्या कोर्समध्ये प्रत्येक परीक्षेला तीन संधी होत्या. दुसऱ्या दिवसापासून रोज ती यायच्या आधी मी बसायला लागले. लेक्चर तीनदा ऐकलं. निम्मं डोक्यावरून गेलं, पण फोटो डोळ्यांत तेल घालून बघितले. चट्ट्याची कड कशी, मध्ये फोड की खपली. पहिली संधी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला पास. पाच दिवसांत तिन्ही कोर्स मारले. तीस पॉइंट. पडद्यावर प्रमाणपत्र आलं, त्यावर आत्याचं पूर्ण नाव. आता फक्त एक पान राहिलं: हे सर्व मी स्वतः केले आहे. त्याखाली होय.

ते मी दाबू शकत होते. पासवर्ड मला माहीत, ओटीपी येणारा तिचा फोनही माझ्याच ताब्यात. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पोटात काही ठेवायचं मला जमत नाही. आत्या आली आणि मी भडाभडा सांगून टाकलं. वाटलं, टपली बसेल.

ती म्हणाली, "बस. कडेला उठाव, मध्ये साफ, गोल, खाजतं. काय?"

"गजकर्ण."

"अंगाच्या एकाच बाजूला पट्टा, पाण्याचे फोड, आग होते?"

"नागीण."

"बरोबर. बाई सात महिन्यांची गरोदर आहे. काय देशील?"

"तेच... नागिणीला देतात ते."

"तिला आधी काय विचारशील?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. तिथं चार उत्तरं नव्हती.

"तुला दिसतं, मला कळतं," ती म्हणाली. "दोघींत मिळून एक डॉक्टर आहे गं. पण नोंदणीत दोन माणसं बसत नाहीत."

"बसवू ना! मी कुठं चाललेय? मी लग्नसुद्धा करत नाही, जा. रोज येईन, मोबाइल खाली बेकरीत ठेवून येईन. तू नुसतं विचार, मी सांगते."

"आणि तुला एक दिवस ताप आला तर?"

"नाही येणार."

यावर ती हसली. मला रडू आलं म्हणून मी तिच्यावरच ओरडले, "हस, हस! उद्यापासून काय करणार आहेस? घरी बसून भिंती बघणार? त्या तरी दिसतात का?" बोलले आणि जीभ चावली. ती म्हणाली, "भिंती दिसतात. चांगल्या दिसतात."

मग तिनं मला दुसरंच एक पान उघडायला लावलं, नोंदणी सोडण्याचं. कारण विचारलं होतं, खाली यादी: वय, परदेशी गेले, मृत्यू, इतर. "इतर घे," म्हणाली. "लिही, दृष्टी गेली." तिनं अक्षरं सांगितली, मी टाइप केली.

"आता दाब."

"मी नाही दाबणार."

"अगं..."

"नाही म्हणजे नाही. तुझं तू दाब. मी या पापात नाही."

तिनं माउस हातात घेतला. पडद्यावरचा बाण तिला कुठून दिसणार? तो वर गेला, कोपऱ्यात जाऊन अडकला, खाली आला. तिनं दाबलं. "झालं?"

"नाही."

पुन्हा सरकवला. मान तिरकी, चेहरा पडद्याला चिकटलेला. दाबलं. "आता?"

"नाही."

पाचसहा वेळा तरी असं झालं. एकदा बाण बटणाच्या अगदी कडेवरून गेला. ती चिडली नाही, मला काही म्हणाली नाही. नुसती विचारत राहिली, आता? आता? ज्या बाईनं चौतीस वर्षं अंधारात हात घालावा तसं लोकांच्या पोटात नेमकं दुखणं शोधलं, ती एका एवढ्याशा बटणाला चाचपडत होती आणि मी शेजारी बसून नाही, नाही म्हणत होते. शेवटी मला ते बघवेना. मी तिच्या हातावर हात ठेवला, बाण बटणावर नेला आणि माझा हात काढून घेतला.

"आता?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिनं दाबलं.

चारला दहा कमी होते. बाहेर जिन्यावर पावलं वाजली, कुणीतरी खोकलं, बाक सरकलं. आत्यानं मान वळवली.

"शिंपी आलाय," ती म्हणाली. "त्याची गोळी आज बदलायची होती. दुसऱ्या डॉक्टरला दाखव म्हणावं. कागद घे. आत्तापर्यंत काय काय दिलंय ते मी सांगते, तू नीट लिहून दे त्याला."