बारा चाळीसचा रिपोर्ट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आमच्या रत्नागिरीत दर दोन वळणांवर एक राखणदार असतो म्हणतात... मला आजवर एकही भेटलेला नाही. वीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, कितीतरी माणसं डोळ्यांसमोर गेली. गेलेलं कोणी परत आलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले. हसायचं तर खुशाल हसा.

मी इथल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आहे. नाव सांगत नाही, नोकरी करायची आहे अजून. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कॉम्प्युटरवर चुका नोंदवायची सिस्टिम आली. औषध चुकलं, पेशंट पडला, किंवा चूक होता होता राहिली, की फॉर्म भरायचा. तो माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर यायचा आणि टिंग वाजायचं. स्टाफला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी छातीठोकपणे सांगितलं — हे कोणाला पकडायला नाही. जी खरं लिहील तिला काही होणार नाही, माझा शब्द.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. फक्त मंदाताई म्हणाल्या, "तू म्हणतेस ना, मग झालं."

मंदाताई म्हणजे स्त्री वॉर्डच्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. मिरजोळ्याहून स्कूटीने यायच्या. मला पहिली सलाईन लावायला त्यांनीच हात धरून शिकवलं होतं. ड्युटी संपली की वॉर्डच्या वहीत शेवटी एक शब्द लिहायच्या — 'येते'. जाते म्हणू नये, म्हणायच्या, हॉस्पिटलात तर मुळीच नाही. सिस्टिम आल्यावर फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात, 'आणखी काही सांगायचे आहे का?' तिथेही त्या 'येते' लिहू लागल्या. ताई, हे पत्र नाही हो, असं म्हणून मी किती हसले होते.

आता चूक कशी झाली ते ऐका. आमच्याकडे निम्म्या पेशंटची नावं सारखीच, म्हणून वॉर्डात सगळे गावावरून ओळखतात. राजापूरच्या आजी, गुहागरच्या आजी. त्या दिवशी राजापूरच्या आजींना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं होतं. मंदाताईंनी विचारलं, आजी, राजापूरच्या ना? आजी खुशीत म्हणाल्या, होय. त्या होत्या गुहागरच्या... राजापूर त्यांचं माहेर! म्हाताऱ्या बाईला गाव विचारलं की ती माहेरच सांगणार, दुसरं काय?

सुई देऊन झाल्यावर दोन मिनिटांत ताईंच्याच लक्षात आलं. साखर दिली, डॉक्टरांना बोलावलं, संध्याकाळपर्यंत उशाशी बसून राहिल्या. आजींना काही झालं नाही. ताईंनी स्वतः फॉर्म भरला. स्वतःची चूक लपवणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. खाली लिहिलं होतं — गाव विचारायची सवय बंद करा, पूर्ण नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्या.

ते खालचं कोणी वाचलंच नाही. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये वरचं तेवढं सगळ्यांसमोर वाचलं, नको नको ते बोलले आणि ताईंना वॉर्डातून काढून चादरींच्या स्टोअरमध्ये बसवलं. मी फाइल घेऊन शेजारीच उभी होते. शब्द मी दिला होता. पण नोकरीच्या भीतीने माझ्या तोंडातून ब्रसुद्धा निघाला नाही. याची लाज मला आजही वाटते, मरेपर्यंत वाटेल.

ताई बाहेर आल्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जाऊ दे गो," एवढंच म्हणाल्या. मग स्कूटीची किल्ली काढत म्हणाल्या, "जाते."

चार महिन्यांनी, सकाळी चहा ठेवता ठेवता ताई गेल्या. हार्ट. सिस्टिममधला त्यांचा आयडी बंद करायचा फॉर्मही मीच भरला. त्यानंतर आमच्याकडे रिपोर्ट येणंच बंद झालं. कोण लिहिणार?

पुढे आठेक महिने झाले असतील. भर दुपार, जेवणाच्या ट्रॉल्या निघाल्या होत्या. कॉम्प्युटर टिंग वाजला. नवीन रिपोर्ट. नोंदवणाऱ्याचं नाव — मंदाताईंचं. स्त्री वॉर्ड, खाट नऊ. घटना: 'राजापूर माहेर आहे.' घटनेची वेळ: बारा चाळीस.

घड्याळात बारा सदतीस झाले होते.

पुढचं न वाचताच मी जिना चढले, चपला कुठे राहिल्या ते आठवत नाही. नऊ नंबरच्या खाटेशी प्राजक्ता, लांज्याची नवी पोरगी, इन्सुलिनची सुई घेऊन वाकली होती. विचारत होती, "आजी, राजापूरच्या ना?"

"होय गो बाय, राजापूरचीच मी," आजी हसून म्हणाल्या.

मी तिचा हात धरला. कागद पाहिला. इन्सुलिन चार नंबरच्या, राजापूरला राहणाऱ्या आजींचं होतं.

प्राजक्ता भिंतीला टेकून रडायला लागली. मला काढतील का, एवढंच विचारत होती. मला मात्र संताप आला होता, चांगलं फैलावर घेणार होते तिला. तिला घेऊन खाली आले. रिपोर्ट स्क्रीनवर तसाच होता. शेवटचा रकाना मी तेव्हा वाचला.

'पोरीला ओरडू नको. येते.'

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. मला रडताना पाहून ती पोरगी बिचारी स्वतःचं रडणं विसरली.

या वेळी मीटिंगमध्ये मी बोलले. चूक सवयीची आहे, ताईंनी उपाय लिहून दिला होता, तो आपण वाचला नाही, आणि कोणाला काढायचं तर आधी मला काढा. कोणालाच काढलं नाही. प्राजक्ता अजून त्याच वॉर्डात आहे, पेशंटकडून पूर्ण नाव वदवून घेते. मंदाताईंसाठी हे एवढं बोलायला मला कोणी अडवलं होतं?

सिस्टिमवाल्या कंपनीच्या माणसाने सगळं तपासलं. आयडी बंदच होता, त्या दुपारी कुठल्याही कॉम्प्युटरवरून तो उघडलेला नाही. मग रिपोर्ट आला कुठून? तो म्हणाला, डिलीट करतो. मी करू दिला नाही. मला कारण सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

'काय कारवाई केली' हे भरल्याशिवाय रिपोर्ट बंद होत नाही. दर सोमवारी सिस्टिम आठवण करते. मी एवढंच लिहिलंय — ओरडले नाही, ताई. पण बंद करायचं बटण दाबायला हात होत नाही. 'येते' म्हणून गेलेलं माणूस आहे... दार कसं लावून घेऊ?