अमेरिकेचं अमेरिकनालाच विचारा

पुण्याच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलं मला मॅडम म्हणायची, आणि त्या शब्दाची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. नवऱ्याला कंपनीने जपानला, तोयोसुच्या ऑफिसात पाठवलं, आम्ही ग्योतोकुला भाड्याने घर घेतलं, आणि मी एका झटक्यात कुणाची तरी बायको झाले. व्हिसावरही तसंच लिहिलेलं आहे. त्यामुळे स्टेशनजवळच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या समाजकेंद्रात, निवृत्त लोकांचं इंग्रजी वाचन मंडळ भरतं असं कळल्यावर मी पुढच्याच बैठकीला जाऊन बसले.

त्या वर्षी ते काय वाचणार होते ते ऐकून मला नाचावंसं वाटलं. आपलं राज्य आपण चालवायचं ही कल्पना अमेरिकेत ज्या कागदांतून घडली, ते जुने कागद. वसाहत करायला निघालेल्या लोकांनी जहाजावरच केलेला करार, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, मग राज्यघटना. मंडळाच्या चिटणीसबाई सत्तरीच्या, चटपटीत. त्या म्हणाल्या, "आमची घटना युद्धानंतर अमेरिकनांच्या देखरेखीखाली लिहिली गेली. तिच्यातले शब्द कुठून आले ते मरायच्या आधी एकदा बघायचंय."

हा तर माझा विषय! एम.ए.ला हाच, पुढे वर्गात वर्षानुवर्षं हाच. मी तसं सांगितलंसुद्धा. बाईंनी कौतुकाने मान डोलावली, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या की आमच्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे, मात्र सेनसेई ठरलेले आहेत.

सेनसेई म्हणजे गुरुजी. आमचे गुरुजी तिशीचे होते. सोनेरी दाढी, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पाठीला सॅक. अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या प्रदेशातून आलेला, इथे लहान मुलांना इंग्रजी शिकवणारा साधा माणूस. त्याला सगळे सेनसेई म्हणायचे आणि मला आडनावापुढे नुसतं सान, आपल्याकडच्या 'बाई'सारखं. फळ्याजवळची खुर्ची त्याची. मी खिडकीशेजारी, एका आजोबांच्या बाजूला. आजोबा माझ्यासाठी दरवेळी तांदळाची कुरकुरीत बिस्किटं आणायचे आणि मी ती रागारागाने खायचे.

दुसऱ्याच बैठकीत गुरुजींनी सांगितलं की सगळी माणसं समान जन्माला येतात हे सुंदर वाक्य आमच्या राज्यघटनेत आहे. मी बिस्किट खाली ठेवलं. ते वाक्य जाहीरनाम्यातलं. घटनेत ते नाहीच, आणि का नाही यावर मी दोन-दोन तास बोलत असे. आजूबाजूला सगळ्यांनी पेन्सिलींनी ते वहीत टिपून घेतलं. कुणाच्या मनात शंका नाही. अमेरिकेबद्दल अमेरिकन माणूस चुकेल कसा? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्या खोलीत मोठ्याने खोकलं तरी माफी मागतात. तिथे उठून गुरुजी चुकले म्हणायची माझी काही छाती झाली नाही.

सायकल स्टँडवर मात्र मी त्याला गाठलं. म्हटलं, "ते वाक्य घटनेतलं नाही." मला वाटलं, वाद घालेल. मी तयारीत होते. तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे देवा! शाळेत शिकलो त्यानंतर मी यातलं काही उघडलंच नाही. त्यांनी विचारलं, मला नाही म्हणता आलं नाही. तुम्ही मला शिकवाल?"

शिकवाल का, असं मला दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मग दर गुरुवारी स्टेशनखालच्या कॉफीच्या दुकानात आमची शिकवणी सुरू झाली. विद्यार्थी चांगला होता, हीच तर पंचाईत. प्रश्न विचारायचा, पुढच्या वेळी वाचून यायचा. जहाजावरच्या कराराला मी वर्गात नेहमी एक उदाहरण द्यायचे. कॉलेजची सहल निघाली आहे, एसटी भलत्याच रस्त्याला लागून घाटात बंद पडली आहे, सर मागच्या गाडीत राहिले आहेत. आता डबे कुणी वाटायचे, रात्री कुणी जागायचं, हे कोण ठरवणार? ज्या जागेची परवानगी घेऊन निघालो ती ही जागा नव्हे, म्हणजे जुना हुकूम इथे चालत नाही. मग उतरायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि ठरलेलं सगळ्यांनी पाळायचं. हे उदाहरण पुण्यात दरवर्षी हशा घ्यायचं. त्यालाही फार आवडलं.

इतकं आवडलं की पुढच्या बैठकीत त्याने ते वापरलं. एसटीच्या जागी शिंकानसेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन घातली आणि डब्यांच्या जागी स्टेशनवरचे बेन्तो. शिंकानसेन भलत्या रस्त्याला लागली ही कल्पनाच त्या लोकांना इतकी अशक्य वाटली की चिटणीसबाई डोळे पुसत हसल्या. शेजारचे आजोबा मला म्हणाले, "सेनसेई किती छान समजावतात, नाही?" मी म्हटलं, "हो ना." आयत्या बिळावर नागोबा!

त्याने बैठकीत माझं नाव घेतलं नाही. मुद्दाम चोरत होता असंही नाही. त्याच्या लेखी आम्ही दोस्त होतो आणि दोस्त एकमेकांना मदत करतात. त्याने लबाडी केली असती तर मला सुखाने द्वेष तरी करता आला असता. घरी मी भांडी आपटायला लागले की नवरा म्हणायचा, "अगं, पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. तुझं उलटंच. जिथे पिकलं तिथल्या माणसानेच विकायला हवं. तू सोड ना ते मंडळ." सोडू कशी? महिन्यातून दोनदा माझी वाक्यं एका वर्गासमोर उभी राहत होती. माझ्या तोंडून नाही, एवढंच.

हिवाळा संपता संपता अमेरिकेचे कागद वाचून झाले. चिटणीसबाईंनी जाहीर केलं की शेवटची बैठक भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेवर घेऊ, तीही 'आम्ही लोक' अशीच सुरू होते म्हणतात, आणि त्या दिवशी सेनसेई तुम्ही. त्यांनी माझ्याकडे हात केला. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच्या.

मी कपाटातली पैठणी काढली. फळ्याजवळच्या खुर्चीत बसले, आणि सगळे वाकून म्हणाले, "सेनसेई, ओनेगाइशिमास." शिकवा, अशी विनंती. छातीत काहीतरी भरून आलं, खोटं कशाला सांगू! तो माझ्या जुन्या जागी खिडकीपाशी बसला होता आणि आजोबांची बिस्किटं खात होता.

मी बोलू लागले. पेन्सिली चालू लागल्या. मी न्याय म्हटलं, लिहिलं. बंधुता म्हटलं, लिहिलं. पुण्यात आता बराच उकाडा असेल म्हटलं, तेही लिहिलं. प्रश्न कुणाचाच नाही. हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं की ही खुर्ची मला त्या विषयातल्या माझ्या वर्षांमुळे मिळालेली नाही. त्याला ज्या कारणासाठी मिळाली होती त्याच कारणासाठी मलाही मिळाली आहे. तो अमेरिकन, मी भारतीय. आज इथे आमच्या पुण्याच्या सोसायटीचा वॉचमन आणून बसवला असता तरी पेन्सिली अशाच चालल्या असत्या.

मग माझं डोकं फिरलं. बघूया तरी, असं वाटलं. मी शांतपणे म्हणाले, "'आम्ही लोक' ही सुरुवात मूळ आमची. अमेरिकेने ती भारताकडून घेतली."

अमेरिकेची घटना आमच्या घटनेच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीची, हे याच खोलीत, याच लोकांनी नुकतंच वाचलं होतं. तरी चिटणीसबाईंनी "ओहो" केलं आणि लिहिलं. आजोबांनी लिहून खाली रेघ ओढली.

खिडकीपाशी हात वर झाला.

"माफ करा, सेनसेई," तो म्हणाला, "मला वाटतं हे उलट आहे. आमची आधीची. तुम्हीच मला शिकवलंय." मग इतरांकडे वळून, अगदी सहज, "मी वर्षभर इथे जे बोललो ते सगळं यांनीच शिकवलंय. ते शिंकानसेनचं उदाहरणसुद्धा यांचंच."

वर्षभर ज्या वाक्याची मी वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि आलं ते मी धडधडीत खोटं बोलून बसले असताना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. त्यांचं बरोबर आहे. त्यांची आधीची."

सगळ्यांनी खोडरबर काढले. आठ-दहा खोडरबर एकदम कागदावर घासले गेले आणि माझं वाक्य प्रत्येक वहीतून गेलं. मी हो म्हणायच्या आतच चिटणीसबाईंचा रबर बाहेर आला होता. त्याने सांगितलं तेवढं त्यांना पुरलं.

तरीही मला जाळत होतं ते वेगळंच. गुरुजी चुकले की हात वर करायचा, इतकी साधी गोष्ट त्या माणसाने न घाबरता, न रागावता केली आणि परत बिस्किट तोंडात टाकलं. त्या कागदांमधलं मला सगळं येत होतं. हे त्याला येत होतं. त्या हाताचा मला जितका हेवा वाटला तितका त्या खुर्चीचा कधीच वाटला नव्हता.