सातवा चिंचोका

कार्तिकातला गुरुवार होता आणि एकोडीला आमच्या खळ्यात मी धान मोजत बसले होते. ऐंशीच्या आसपासचं साल असेल, नक्की विचारू नका... चौथी शिकलेली बाई मी, साल विसरते, पण धान लुचई जातीचा होता हे सांगते.

शेजारी माझी लेक मंदा वही मांडीवर घेऊन रडत होती. अकरावी सायन्सला होती, रोज एसटीने साकोलीला जायची. शनिवारी केमिस्ट्रीची टेस्ट, आणि सरांनी सांगून टाकलं होतं की यात नापास झाले त्यांनी आर्ट्सला जायचं.

मंदाला दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत बसायचं होतं. लहानपणी बाहुलीलासुद्धा राखेच्या पुड्या बांधून द्यायची, दिवसातून तीनदा घे म्हणून दटावायची...

अडलं होतं मोलपाशी. एका मोलात सहाशे दोन आणि त्यावर एकवीस शून्यं इतके कण असतात म्हणे. कण दिलेले, मोल काढायचे. हिचं उत्तर दर वेळी इतकं लांब यायचं की वहीची ओळ पुरायची नाही.

"माय, माह्या डोक्यात घुसूनच नाही राहिलं. जातो मी आर्ट्सले."

मंदाचे वडील पोतं शिवत होते. तिथूनच म्हणाले, "तिच्याकडं काय पाहून राहिली? तुले येते काय ते?" मला कुठलं यायला... पोर डोळ्यांसमोर बुडत होती आणि माझे हात नुसते कुडो भरत होते.

कुडो म्हणजे आमचं धान मोजायचं माप. वीस कुडो झाले की एक खंडी, आणि खंडी झाली की मी सुपात एक चिंचोका टाकायची. पहिल्या कुडोला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात... असो, भरकटले.

"त्या आकड्याचं करतेस तरी काय बाई?" मी विचारलं.

"गुणतो. कण लय हायेत ना."

मी वैतागले. "शंभर कुडो मोजून मी दोन हजार चिंचोके टाकले, त तुहा बाप मले खळ्यात उभी करन काय? पाचच टाकतो ना!" राग होता तो, शिकवणं नव्हतं.

मंदा सुपाकडे बघत राहिली. मग कण म्हणजे कुडो, मोल म्हणजे चिंचोका, असं काहीतरी पुटपुटली आणि भागाकार केला. शून्यं सगळी कटली, उरले दोन. पण पुढचं गणित पुन्हा चुकलं. वही मिटून ती घरात निघून गेली... माझाही धीर सुटला.

शुक्रवारी सकाळी सुपात चिंचोके सहाच. मी तर सात खंडी म्हणून बसलेली.

"पोरीले केमिस्ट्री येत नाही, मायले धान मोजता येत नाही!" हे कडाडले. अख्खी रास पुन्हा मोजायला घेतली. कंबर मोडली, डोळे गळत होते, वाटलं आपल्या घरात कोणालाच काही जमत नाही.

पुन्हा मोजली तरी सात खंडीच भरली. मग चिंचोका गेला कुठे?

शनिवारी मंदा एसटीतून उतरली ती मान खाली घालून. विचारायची मला हिंमत होईना. तिनेच पेपर हातात दिला, सरांनी वर्गातच तपासून दिला होता. वीसपैकी आठ. पास व्हायला सात लागत होते.

मग तिने कंपास उघडला. पेन्सिलीजवळ माझा चिंचोका.

"गुणाचं का भागाचं हे इसरलो, की याच्याकडं पाहत होतो, माय."

मंदा आता दवाखान्यातल्या त्या खिडकीत बसून बसून रिटायर व्हायला आली. तेव्हा कंबर धरून मी तिला चार शिव्या हासडल्या होत्या... पण ती रास दोनदा मोजावी लागली, याचं आज फार बरं वाटतं.