दारातल्या शिरीषाचं सरपण

आमच्या फाटकासमोरचा शिरीष एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वादळात पडला आणि त्याच्या एका फांदीखाली माझा नवरा गेला. वारा सुटला तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. स्कूटर झाडाखाली उभी होती. "काहीतरी पडेल तिच्यावर, आत घेतो," म्हणून ते उठले. मी कप विसळत होते. आवाज झाला तो मला आधी ढगांचाच वाटला. बाहेर आले तर फाटक दिसेना. सगळीकडे नुसता पाला, आणि ओल्या लाकडाचा वास.

रुग्णवाहिका आली, पण झाड आडवं पडल्यामुळे तिला गल्लीत शिरता येईना. समोरच्या घरातल्या माणसांनी त्यांना चादरीत घेऊन फांद्यांवरून पलीकडे नेलं. मी मागून चढत होते, माझी साडी अडकत होती. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलेलं होतं. स्कूटरला मात्र ओरखडासुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुण्याहून आल्यावर त्यांना विद्युतदाहिनीत दिलं. एक कळ दाबली, दार खाली आलं, संपलं. आम्ही घरी परतलो तर बंगळूर महापालिकेची माणसं यंत्राच्या करवती घेऊन रस्ता मोकळा करत होती. खोडाचे जाड तुकडे त्यांनी लगेच ट्रॅक्टरवर चढवले, ते विकले जात असणार. फांद्यांचे ओंडके मात्र आमच्या कुंपणाला टेकवून रचून ठेवले. मांडीएवढे, काही कमरेएवढे जाड. मुकादमानं मुलीला कन्नडमध्ये सांगितलं, "नाळे लॉरी बरुत्ते." उद्या लॉरी येईल.

लॉरी आली नाही. दिवसवार झाले, पाहुणे गेले. मुलगी म्हणाली, "आई, चल माझ्याकडे. इथे काय आहे आता?" मी म्हटलं, "येते, थोडं आवरू दे." आवरायचं काहीच नव्हतं. ती सुट्टी वाढवून राहिली, मग तिलाही जावं लागलं.

घरात मी आणि दाराशी ते ओंडके. पहिल्यांदा त्यांच्यावर कुणीतरी कचऱ्याची पिशवी टाकली, मग रोजच टाकायला लागले. संध्याकाळी पोरं त्यांच्यावर बसून सिगारेट ओढायची. एकदा एक माणूस भर दुपारी त्यांच्या आडोशाला उभा राहून लघवी करताना मी खिडकीतून पाहिला. मी खिडकी लावून घेतली.

मला एकच गोष्ट छळत होती. त्यातला कुठला? ज्या फांदीखाली ते सापडले ती मी पाहिली होती, अंधुक उजेडात, पाल्यासकट. आता तिचे तुकडे झाले होते आणि बाकीच्यांत मिसळले होते. मी झाडलोट करायच्या निमित्तानं बाहेर जायची आणि एकेक ओंडका न्याहाळायची. सगळे सारखेच होते. करडी साल, आतून तपकिरी. दूध आणायला जाताना रोज त्यांच्या बाजूनं जायचं आणि रोज वाटायचं, हाच असेल.

ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून मी यशवंतपूरकडचा एक लाकूडवाला बोलावला. टेम्पो घेऊन आला, ओंडक्यांवर पाय देऊन पाहिला. तेवढ्यात त्याला कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काहीतरी सांगितलं. तो परत येऊन म्हणाला, "अम्मा, आदमी मरा ना इसके नीचे? हम नहीं उठाएगा." फुकट दिले तरी नको म्हणाला.

मी येलहंक्याच्या जुन्या पेठेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेले. एक करवत, एक कुऱ्हाड, लोखंडी पाचर, घण. दुकानदारानं सगळं काउंटरवर मांडलं आणि विचारलं, "यारिगे अम्मा?" कुणासाठी? "ननगे," मी म्हटलं. मलाच. तो हसला नाही. कुऱ्हाडीचं हलकं पातं काढून ठेवून दुसरं दिलं आणि दांडा घट्ट ठोकून दिला.

मी साताऱ्याजवळच्या गावातली. लहानपणी लाकडं फुटताना पाहिली होती, पण फोडली नव्हती. लग्न होऊन बंगळूरला आल्यापासून तर गॅसच. आमच्या न्हाणीघरात भिंतीत बसवलेला तांब्याचा हंडा होता, घर बांधताना हौसेनं घातलेला. मागच्या बाजूनं जाळ घातला की आत पाणी तापायचं. गच्चीवर सौर पाणीतापक बसवल्यापासून तो बंदच होता. तिथे जाळायचं, एवढंच मी ठरवलं. दारातून हलवायचं आणि जाळायचं.

पहिल्या दिवशी एक ओंडकासुद्धा कापून झाला नाही. करवत निम्म्यावर गेली आणि लाकडानं ती दाबून धरली. पुढे जाईना की मागे येईना. मी पायानं ओंडका रेटला, दोन्ही हातांनी करवत ओढली आणि फुटपाथवर मागे बसले. समोरची अक्का गेटातून बघत होती. तिच्या घरातल्यांनीच त्यांना चादरीत घालून नेलं होतं. ती कॉफीचा पेला घेऊन आली.

"हे काय चालवलंय? लोक बघतायत," ती कन्नडमध्ये म्हणाली.

"बघू देत."

"माझा मुलगा रविवारी माणूस आणेल. तासाभरात होईल."

"नको अक्का."

"हट्ट कशाला? असं करून ते परत येणार आहेत का?"

तिनं पेला माझ्या हातात दिला, माझ्या तळव्यावरचे फोड पाहिले आणि आत निघून गेली. मग बरेच दिवस ती बोलली नाही. कॉफी मात्र पाठवायची.

हळूहळू हाताला कळत गेलं. ओंडक्याच्या खाली दगड ठेवला की काप उघडा राहतो आणि करवत अडकत नाही. करवतीला दाबायचं नसतं, तिला तिच्या वजनानं जाऊ द्यायचं. पण फोडताना शिरीष फार छळायचा. त्याचे धागे सरळ जातच नाहीत, एकमेकांत पिळलेले असतात. कुऱ्हाड बसायची आणि तिथेच रुतायची. मग पाचर लावायची, घण घालायचा, लाकूड करकरत राहायचं आणि दुभंगलं तरी मधले दोरे सोडायचं नाही. ते हातानं ओढून तोडायला लागायचे.

फोडलेली फाटी घरामागे न्यायची वाट म्हणजे कुंपण आणि भिंत यांच्यामधला अरुंद बोळ. पोत्यावर लाकडं रचून पोत्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती, ती कमरेला गुंडाळून मी ओढायची. पोतं फाटलं की दुसरं. दुपारपर्यंत कंबर उरायची नाही. जेवणही उभ्यानंच. ताक आणि भात. मुलीचा फोन आला की मी "बरं आहे" म्हणायची. करवतीचं तिला काही सांगितलं नव्हतं.

मे संपत आला होता तेव्हाची गोष्ट. गाठीचा एक तुकडा काही केल्या फुटेना. मी घण घातला, पाचर तिरपी बसली आणि उडून माझ्या नडगीवर लागली. आधी काही वाटलंच नाही, मग रक्त चपलेत उतरलं. मी बोळात भिंतीला टेकून बसले आणि पदर पायाला दाबून धरला. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "एका स्कूटरसाठी?" मोठ्यांदा. "एवढी काय ती स्कूटर? भंगारात जायच्या लायकीची! कोण चोरणार होतं? वारा दिसत नव्हता तुम्हाला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी कधी त्यांच्यावर असं ओरडले नव्हते. बोळातून आवाज घुमत होता. मी त्यांना काय काय बोलले. मला न सांगता पैसे कुठे गुंतवले तेही, आणि गुडघा दुखतो म्हणून माझ्याबरोबर फिरायला यायचे नाहीत, पण स्कूटर हलवायला मात्र पळाले, तेही. बोलता बोलता घसा बसला. समोरची अक्का धावत आली होती. ती बोळाच्या तोंडाशी थांबली. तिला मराठी येत नाही. माझं बोलणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग आत येऊन माझा पाय बघितला आणि मला दवाखान्यात नेलं. टाके पडले.

टाके निघाल्यावर मी पुन्हा करवत हातात घेतली. जून सरेपर्यंत फुटपाथ मोकळा झाला. शेवटचं पोतं ओढून झालं तेव्हा काही वेगळं वाटेल असं मला वाटलं होतं. कुंपणाला सालीचे डाग राहिले होते आणि कचरा टाकणाऱ्यांनी तिथेच पुन्हा कचरा टाकायला सुरुवात केली होती.

जुलैत आभाळ भरून राहिलं आणि सौर तापकाचं पाणी गार यायला लागलं. मी हंड्याखाली जाळ घातला. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, धूर फार व्हायचा. पण पेटायचं. मी तिथे पाट टाकून बसायची आणि एकेक फाटं आत सारायची. हे फाटं, मग ते. कुठलं हा प्रश्न तेव्हाही पडायचाच. मग पाणी काढून आंघोळ करायची. पाणी चांगलं कडकडीत असायचं.

ऑगस्टमध्ये मुलगी आली. रात्रीच्या प्रवासानं थकली होती. मी म्हटलं, "पाणी तापलंय, आंघोळ करून घे." ती मागच्या अंगणात आली, पत्र्याखाली रचलेली लाकडं तिनं पाहिली. माझ्या हाताकडे, नडगीवरच्या व्रणाकडे पाहिलं.

"आई, ही ती आहेत?"

"हो."

"तू कापलीस? एकटीनं?"

"हो."

ती न्हाणीघरात गेली. मी बाहेर ऐकत होते. तिनं हंड्याचं पाणी घेतलं नाही. नळ सोडला आणि गार पाण्यानं आंघोळ केली, त्या गारठ्यात. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. "मला नाही जमणार," एवढंच म्हणाली. मी तिचं डोकं पुसून दिलं. लहानपणी पुसायची तसं नाही, कारण ती ताठ उभी होती.

ती होती ते चारही दिवस तिनं गार पाणीच घेतलं. मी तिच्यासाठी गॅसवर पातेलं ठेवते म्हटलं, तर नको म्हणाली. जायच्या दिवशी टॅक्सीत बसताना तिनं विचारलं, "अजून किती आहेत?"

"थंडीभर पुरतील."

"संपली की सांग मला."

मी बरं म्हटलं. टॅक्सी वळेपर्यंत फाटकात उभी राहिले, मग मागे गेले. हंड्याखालचा जाळ विझत आला होता. मी दोन फाटी घातली आणि फुंकर मारत बसले.